साठीनंतर घुमट: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की हे प्रश्न मला बाजारात विचारले जातात, कदंबाच्या बसमध्ये विचारले जातात, बँकेच्या रांगेत विचारले जातात. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही विचारले गेले. तीच तीच उत्तरं देऊन जीभ दमली, म्हणून एकदाच लिहून काढली. मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर राहते. हायस्कुलात ३१ वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन दीड वर्ष होतंय न होतंय तोच हे गेले. मुलगा पुण्यात, मुलगी लंडनला. आता मी आमच्या वाड्यावरच्या बायकांच्या घुमट आरती पथकात वाजवते.

घुमट म्हणजे नक्की काय? आम्ही गोव्याबाहेरचे, आम्हाला फक्त देवळाचा घुमट माहीत आहे.

देवळाचा घुमट वेगळा, हे वाद्य. मातीचं भाजलेलं मडकं समजा, पण दोन तोंडांचं. पोट फुगीर, एका बाजूचं तोंड रुंद, दुसऱ्या बाजूचं अरुंद. रुंद तोंडावर भिजवलेलं कातडं ताणून दोरीने आवळून बांधतात, वाळलं की ते तंग होतं. घुमट दोरीने गळ्यात अडकवायचं किंवा मांडीवर आडवं घ्यायचं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर आणि डाव्या हाताचा तळवा त्या छोट्या उघड्या तोंडावर. सगळी गंमत या डाव्या हातात आहे. तळवा झाकला, उघडला, अर्धा सरकवला की आतली हवा अडते आणि सुटते, आणि मडकं बोलायला लागतं. नवख्या माणसाचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असतं, त्यामुळे त्याचं घुमट डब्यासारखं वाजतं. माझं चार महिने डब्यासारखं वाजत होतं.

घुमट आरतीत एकटं घुमट नसतं. जोडीला शामेळ असतो, त्याला काही जण समेळ म्हणतात. तो दोन काठ्यांनी वाजवायचा, आवाज कडक आणि चढा. आणि काशाची जाड कासाळी, म्हणजे झांजा. आरती संथ सुरू होते, मग चढत जाते, शेवटी इतकी जलद होते की म्हणणाऱ्याला श्वास पुरत नाही. शिगम्यात आणि देवळातल्या उत्सवांत याच वाद्यांवर सुंवारी हा वादनप्रकार वाजतो, पण ते मोठ्या वादकांचं काम. आम्ही आरतीवाल्या.

ख्रिस्ती घरांतही घुमट आहे. मांडो आणि दुलपद म्हणताना व्हायोलिनच्या जोडीला घुमटच लागतं. राज्य सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा आमच्या वाड्यावर कुणाला फारसं नवल वाटलं नाही. फक्त कुंभाराने भाव वाढवला.

घुमटाला घोरपडीचं कातडं लागतं ना?

लागायचं. आता नाही, आणि कुणी देऊ केलं तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणं किंवा तिचं कातडं बाळगणं म्हणजे तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास. आमची घुमटं बकऱ्याच्या कातड्याची आहेत. जुने वादक म्हणतात तो नाद यात नाही. असेल. पण मी जुना नाद जवळून ऐकलेला नाही, त्यामुळे मला त्याची आठवण येत नाही, ही नवशिक्याची सोय आहे.

आणायचं कुठून? कसं पारखायचं?

चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, पणजी, सगळ्या बाजारांत घुमटं येतात. डिचोलीचे कुंभार पूर्वापार नावाजलेले. किंमत सांगत नाही, कारण मी सांगितलेल्या किमतीवरून माझ्या एका मैत्रिणीने दुकानदाराशी भांडण केलं आणि तो दुकानदार आता मला ओळख देत नाही.

पारखायचं असं: कातडं न चढवलेलं मडकं उचला, टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली. भदभद वाजलं तर कुठेतरी चीर आहे. छोट्या तोंडावर आपला तळवा ठेवून पाहा. तो पूर्ण झाकला जायला हवा. पुरुषांच्या हाताच्या मापाचं घुमट घेऊन आमच्यातल्या दोघी वर्षभर कुढल्या.

पावसात सैल पडतं म्हणतात, मग चवथीला काय करता?

भाद्रपद म्हणजे भर पाऊस, आणि वाजवायची वेळ नेमकी तीच. कातडं ओल खातं, आवाज बसतो. पूर्वी चुलीच्या धगीजवळ धरायचे. आम्ही गॅसपासून हात-दीड हात लांब धरून फिरवतो. एकीने घाईत जवळ धरलं आणि कातडं करपलं, स्वयंपाकघरात तीन दिवस वास होता. आमची टेलर आहे ती केस वाळवायचं मशीन पिशवीत घालूनच येते. आम्हाला शिकवणारे मास्तर बघून न बघितल्यासारखं करतात.

घुमट तर पुरुषांचं. बायकांनी कधीपासून?

बायकांच्या वाट्याला धालो आणि फुगडी, घुमट पुरुषांच्या हातात, असंच आम्ही लहानपणी पाहिलं. माझे काका वाजवायचे. मी माजघराच्या दारातून ऐकायची आणि आरती संपत आली की आई मला निरांजनात तूप घालायला आत बोलवायची, त्यामुळे शेवटची जलद लय मी कधी पाहिलीच नाही, फक्त ऐकली. आता गावोगाव महिलांची पथकं आहेत आणि स्पर्धांतही ती उतरतात. कुणाला आवडतं, कुणाला नाही. न आवडणारे आता मोठ्याने बोलत नाहीत, एवढा फरक पडलाय.

साठीत बोटं चालतात का?

चालतात, पण रुसतात. माझा डाव्या हाताचा अंगठा सकाळी आखडलेला असतो. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवून मग सराव करते. सराव रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पहिल्या उत्साहात मी रोज दीड तास वाजवलं आणि तीन आठवडे हात बांधून बसले. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसा. आमच्यात चौघी खुर्चीवर असतात, त्यांना आम्ही आमदार म्हणतो. कानांची काळजी मात्र घ्या. कासाळीच्या शेजारी बसू नका, बसायलाच लागलं तर कापूस घाला. संधिवात किंवा मनगटाचं दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टरला विचारा, माझ्यावर जाऊ नका.

शिकायला किती दिवस लागतात?

पहिली साधी आरती बरोबरीने वाजवायला मला सात महिने लागले. माझ्यानंतर आलेल्या बालवाडीतल्या बाईला सात आठवडे. ती पोरांबरोबर दिवसभर टाळ्याच वाजवत असते.

आम्हाला शिकवणारे मास्तर दुसऱ्या वाड्यावरचे, वय सत्तरीच्या पुढे, बोलणं कमी. त्यांनी आम्हाला आधी बोल सांगितलेच नाहीत. म्हणाले, भाजी म्हणा. चार मात्रांना "आळसांदे, आळसांदे", तीन मात्रांना "चिबूड, चिबूड". दोन आठवडे आम्ही देवळाच्या सभामंडपात बसून भाजीवालीसारखं ओरडत होतो आणि मांडीवर थापा मारत होतो. येणारे-जाणारे हसायचे. पण अजूनही मधेच लय सुटली की माझ्या मनात आधी आळसांदे येतात आणि हात आपोआप जागेवर येतो. इतकी वर्षं मी पोरांना पाढे घोकायला लावले, पण त्यांच्या हाताला काही काम दिलं नाही, हे तिथे बसून लक्षात आलं. उशीर झाला, काय करणार.

गाणं यायला हवं का?

नको. मला येत नाही. माझा ओठ हलतो, आवाज मागची काढते.

आरत्या मराठी, बोलणं कोंकणी. गोंधळ होत नाही?

गोव्यातल्या माणसाला यात गोंधळ कसला? आरती मराठीत, भांडण कोंकणीत, मास्तर चिडले तर दोन्हीत.

इतके छंद आहेत. हाच का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

हे गेल्यावर पहिलं वर्ष कागदपत्रांत गेलं. पेन्शन, बँक, वारसाची नोंद, पाण्याचं बिल यांच्या नावावरून माझ्या नावावर. माणूस गेल्याचं कळायला वेळच मिळत नाही, आणि ते बरंही असतं. कागद संपले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मला त्या दिवशी काहीही करायचं नव्हतं. ते साडेदहा मला अजून आठवतात. पोदेर म्हणजे पाववाला येऊन गेलेला, उंडे म्हणजे पाव टेबलावर, एकटीला दोन उंडे जास्त होतात आणि एक मागायची लाज वाटते.

मुलांनी सांगितलं, आई, काहीतरी छंद लावून घे. मी आज्ञाधारकपणे लावून घेतले. योगाच्या वर्गाला अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गेले नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, फी भरलेली होती ना. सुडोकू सोडवले, पण गणिताच्या बाईला सुडोकू म्हणजे जुन्याच वह्या तपासणं. परसात अबोली लावली, ती छान फुलली, माळायला केस उरले नव्हते आणि मनही. संध्याकाळी मालिका. त्यातल्या बायकांची दुःखं माझ्यापेक्षा जास्त होती, त्यामुळे थोडं बरं वाटायचं, पण रात्री झोप यायची नाही.

या सगळ्यांत वाईट काहीच नव्हतं. फक्त मी केलं काय आणि न केलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एका मंगळवारी शेजारीण फाटकात आली. पथकात कासाळी वाजवणारी मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली होती, चवथ दीड महिन्यावर. शेजारीण म्हणाली, "टीचर, तुमकां मोजूंक येता मगो? मागीर कासाळें धरात." मला गाणं येत नाही म्हटलं. ती म्हणाली, गाणं कुणी मागितलंय, मोजणी मागितली आहे. गेले. चार मोजायचे आणि आपटायचं, इतकंच. एकदा चुकले तर बारा जणी थांबल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला इतका राग आला स्वतःचा, आणि त्या रागात कितीतरी महिन्यांनी भूक लागली. घरी येऊन सकाळचं हुमण गरम केलं आणि दोनदा भात घेतला.

दोन आठवड्यांनी एका शुक्रवारी कंटाळा केला, गेले नाही. साडेपाचला फाटकात दोघी उभ्या. "कित्याक येवंक ना गे?" मी डोकं दुखतंय म्हटलं. त्या आत येऊन बसल्या, एकीने चहा टाकला, दुसरीने माझी चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली.

म्हणून हाच. कुणी मला विचारलं, छंद कुठला घेऊ, तर मी आता उलटा प्रश्न विचारते: तू गेली नाहीस तर कुणाचं अडेल? ज्यात अडेल तो घे. घुमटच पाहिजे असं नाही. भजनाचा कोरस, देवळाची फुलं, नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टिंग, वाचनालयात एक दिवस टेबलावर बसणं, काहीही.

मला माणसांत जायचीच इच्छा होत नाही. मग?

मलाही नव्हती. पहिल्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर चप्पल काढली, परत घातली, परत काढली. आत बारा बायका हसत होत्या आणि मला वाटलं, यांना हसू कसं येतं. आता त्यांच्यातल्या प्रत्येकीचं मला ठाऊक आहे. एकीचा मुलगा बोटीवर गेला तो फोन करत नाही. एकीच्या नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, ती मधल्या दिवसांत वाजवायला येते. हसू आधी येतं आणि बाकीचं हळूहळू कळतं, असा तो क्रम असतो.

सुरुवातीला बोलायलाच लागत नाही, हा वाद्याचा फायदा. चहापानाला बोलावलं असतं तर मी गेले नसते, बोलायचं काय हाच प्रश्न. इथे हातांना काम असतं, नजर मास्तरांकडे असते, आणि शेजारी माणूस असतं. पहिल्या महिन्यात मी कुणाशी दहा वाक्यंही बोलले नसेन.

पण एक सांगते, आणि हे थट्टेत घेऊ नका. झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम नाही असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर घुमटाची वाट पाहू नका. डॉक्टरकडे जा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही, मी स्वतः चार वेळा गेले आहे. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास. मी गोळ्या घेत होते तेव्हाच कासाळी धरली. गोळीने झोप आली, कासाळीने सकाळ झाली. दोन्ही लागलं.

विधवेने आरतीला वाजवलेलं चालतं का?

हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही. फिरून फिरून येतो. "तुमकां त्रास जायना मगो?" असा येतो, किंवा "तुम्ही मागे बसा, पुढे ऊन लागतं" असा येतो. भाद्रपदात ऊन.

पहिल्या चवथीला मी स्वतःच मास्तरांना म्हटलं, मी घरोघर येत नाही, देवळातच वाजवते. ते काही बोलले नाहीत. बोलली ती आमच्यातली सर्वांत थोरली, वय चौऱ्याहत्तर, जिचा नवरा ती एकोणतीस वर्षांची असताना गेला. ती म्हणाली, "देवाक आयकूंक येता. कपाळां पळोवंक तो बसूंक ना." देवाला ऐकू येतं, कपाळं बघायला तो बसलेला नाही. आणि कासाळी माझ्या हातात दिली.

दोन घरांनी त्या वर्षी आम्हाला बोलावलं नाही. त्यातलं एक घर आता बोलावतं आणि मला पाटावर बसवतं. दुसरं अजून बोलावत नाही. त्यांच्या दारावरून जाताना आम्ही जरा मोठ्याने बोलतो, बाकी काही नाही.

या वयात मैत्री होते का खरंच?

होते, पण शाळेतल्यासारखी होत नाही. शाळेत सगळं सांगून टाकतो आपण. इथे प्रत्येकीकडे साठ वर्षांची अडगळ आहे आणि कुणालाच ती उघडून दाखवायची हौस नाही. मैत्री होते ती कामांतून. कुणाचं औषध फोंड्याहून आणायचं, कुणाचं आधारचं काम, बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात एकीने सगळ्यांसाठी भाजी आणायची आणि मग पैशांवरून घोळ. भांडणंही होतात. साडीच्या रंगावरून आमचं पथक एकदा पाच आठवडे बंद होतं. निळी की चटणी. शेवटी मास्तरांनी दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि पुढे कुणीतरी शोधून काढलं की दोन्हींवर निळीच लिहिलं होतं.

आमच्या वाड्याच्या टोकाला एक ख्रिस्ती शेजारीण राहते, सगळ्या तिला आंटी म्हणतात. सराव चालू असताना ती रस्त्यात उभी राहून ऐकायची. एका दिवशी माळ्यावरून तिच्या पपांचं घुमट घेऊन आली, कातडं फाटलेलं, आत कोळ्याची जाळी. तिच्या लग्नात त्यावर दुलपदं वाजली होती, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. आम्ही त्यावर नवीन बकऱ्याचं कातडं चढवून घेतलं. ती आता शुक्रवारी येते. आरतीला हात जोडत नाही, आम्ही तिला जोडायला सांगत नाही, ती घुमटावर ठेका धरते आणि तिचा डावा हात आमच्या कुणाहीपेक्षा चांगला आहे. आरती संपली की ती एखादं दुलपद म्हणते. मास्तर डोळे मिटून ऐकतात. डिसेंबरात तिच्याकडे दोदोल आणि बेबिंका, चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या तिच्याकडे. हे पूर्वीही चालायचं, पण ताटं घेऊन जाणारी पोरं होती. पोरं परदेशी गेली, आता आम्हीच जातो. बसतो. उठायला उशीर होतो.

घरचे काय म्हणतात?

मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "आई, जपून." मुलीने व्हिडिओ पाठव म्हटलं. पाठवला, तर तिने लंडनमधल्या तिच्या सगळ्या ऑफिसला दाखवला. बाकीच्यांचे नवरे संध्याकाळचा चहा स्वतः करायला शिकले. एक अजून शिकतोय.

पैसे मिळतात का?

नाही. प्रसाद मिळतो, कुठे नारळ, कुठे पाकीट. पाकिटाचे पैसे डब्यात जातात, त्यातून कातडं, दोऱ्या आणि गाडीभाडं. नफा शून्य, हिशेब चोख. हिशेब माझ्याकडे आहे.

स्पर्धांना जाता का?

दोनदा गेलो. पहिल्या वेळी रंगमंचाच्या पडद्यामागे उभ्या असताना आमच्या निम्म्या जणींना लघवीला लागलं आणि ज्या राहिल्या त्यांनी आरती ठरल्यापेक्षा दुप्पट वेगाने सुरू केली. नंबर आला नाही. दुसऱ्या वेळी नीट वाजवलं, तरी आला नाही. परीक्षकांनी कागदावर "डावा हात" एवढंच लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं.

कला अकादमीच्या आणि रवींद्र भवनांच्या कार्यक्रमांना श्रोता म्हणून जायचं मात्र आम्ही चुकवत नाही. चांगल्या वादकाचे हात पाहणं हा निम्मा सराव आहे. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आम्हाला जवळ. शेवटची बस चुकली की टेलरचा भाचा रिक्षा घेऊन येतो आणि पाच माणसांच्या जागेत आठ बसतात, घुमटं मांडीवर.

चवथीला तुमचा दिवस कसा असतो?

सकाळ आपापल्या घरी. माटोळी बांधायची, खतखतें, पातोळ्या, सगळं. माझ्या घरी गणपती दीड दिवसाचा, आणि हे गेल्यापासून माटोळी बांधायला टेलरचा भाचाच येतो. संध्याकाळी सहाला देवळाकडे जमायचं. मग वाड्यावरची सतरा घरं. पहिल्या घरी सगळ्या जोरात असतात, पाचव्या घरी गळा बसतो, आठव्या घरी कुणीतरी सोलकढी देतं आणि पुन्हा जीव येतो. बाहेर पाऊस, आत कापराचा धूर, माटोळीला टांगलेल्या फळांचा वास, आणि कातडी सैल पडत चाललेली. दहाव्या घरानंतर लय हातांत नसते, पायांत असते. रात्री साडेअकराला शेवटचं घर माझं. ते मीच मागून घेतलं, कारण त्यानंतर कुणालाच उठवत नाही. सगळ्या माझ्या ओसरीवर पसरतात. कुणी नेवरी खातं, कुणी पाय दाबतं. मला ती जलद लय आता दारातून ऐकावी लागत नाही. निरांजनात तूप कमी पडलं तर कुणीतरी दुसरी उठते.

सातव्या दिवशी कुंभारजुव्याच्या सांगोडाला जातो. होड्या एकमेकींना बांधून त्यावरून गणपती नेतात, ते पाहायला. तिथे आम्ही वाजवत नाही. गर्दीत उभ्या राहून भजी खातो.

यांची आठवण कमी झाली का?

नाही. कधी कधी आरती चढत असताना एकदम येते आणि हात चालूच राहतात. घरी बसून यायची तेव्हा सगळंच थांबायचं. फरक आहे तो एवढाच, आणि मला तो पुरतो.

आमच्या वाड्यावर पथक नाही. सुरू कसं करायचं?

पाच जणी पुरतात. एक जाणकार शोधा, ज्याला शिकवायचा कंटाळा नाही. प्रसिद्ध नसला तरी चालेल, जवळ राहणारा हवा. जागा देवळाची किंवा समाजगृहाची मागा, घरात नको, नाहीतर घरमालकीण चहा करत राहते आणि तिचं शिकणं होत नाही. वार ठरवा आणि पाऊस असो, ऊन असो, बदलू नका. आमचे मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते साडेसहा. परीक्षांच्या दिवसांत आम्ही सराव बंद ठेवतो. पहिल्या वर्षी ठेवला नव्हता, तर दहावीच्या एका पोराने देवळाच्या भिंतीवर कागद चिकटवला: "माझा भूमितीचा पेपर उद्या आहे." अक्षर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या पोराचं निघालं.

मी आले तर चालेल का? काय आणू?

या. घुमट आणू नका, आमच्याकडे दोन जास्तीची आहेत. नखं कापून या, बांगड्या असतील तर उजव्या हातातल्या घरी ठेवा. दाराजवळ बसू नका, तिथे शामेळवाली बसते आणि तिच्या काठीला कुणाचंच भान नसतं. कासाळीवाली सध्या कुणी नाही, जी होती ती मुंबईलाच राहिली. चार मोजता येतात ना? आणि सभामंडपाची तिसरी पायरी सांभाळा, शेवाळ धरते. माझं पहिलं घुमट तिथेच फुटलं.